काही प्रश्न?

नळाला पाणी आलं नाही तर तक्रार कुठे करायची हे आपल्याला ठाऊक असतं. पार्सल हरवलं, मीटरचं रीडिंग चुकलं, सातबाऱ्यावर भलत्याच माणसाचं नाव चढलं, तर त्या त्या कामाची एक खिडकी असते. खिडकीमागचा माणूस जेवायला गेलेला असतो हे खरं, पण तो कधी ना कधी परत येणार असतो. युरोपातल्या ऐतिहासिक शहरात खासगी गाइडबरोबर पायी हिंडताना माणसावर जो अन्याय होतो, त्याची दाद मागायला मात्र खिडकीच नाही. या विषयावर आजवर कुठल्या सरकारने साधं परिपत्रकसुद्धा काढलेलं नाही. म्हणून प्रकरण तुमच्यापुढे ठेवतोय. चहा घ्या, निवांत बसा. थोडा वेळ लागेल, कारण सदर प्रकरणाची पार्श्वभूमी इसवी सन ११४७ पासून सुरू होते आणि ती मला संपूर्ण ऐकवण्यात आलेली आहे.

आधी कायद्याची बाजू पाहू. माणसाच्या हक्कांमध्ये दुर्लक्ष करण्याचा हक्क फार वरचा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, कारण तो सगळ्यांनी गृहीतच धरलेला आहे. वर्गात शेवटचा बाक असतो, कीर्तनात देवळाचा खांब असतो, सत्कार समारंभात दाराजवळची रांग असते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनसाठी मालवलेले दिवे असतात. न ऐकणाऱ्याची इतकी चोख व्यवस्था आपण करून ठेवली आहे. ट्रॅव्हल कंपनीच्या सहलीतही ती असते. बसच्या मागच्या सीटवर बसून, चकली खात खात, अख्खी रोमन संस्कृती खिडकीबाहेरून जाऊ देता येते. खासगी टूर म्हणजे ही सोय काढून घेतलेली टूर. आणि ती काढून घेतल्याचे जादा पैसे लागतात.

आमच्या वाट्याला आलं ते लिस्बन. टूर मुलीने परस्पर बुक केली होती, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. "बाबा, तुम्हाला गर्दी नको असते ना, म्हणून खास प्रायव्हेट घेतली." भेटवस्तूबद्दल हरकत घेता येत नाही, हा आपल्या समाजातला एक जुना आणि एकतर्फी नियम आहे. मिक्सर असता तर माळ्यावर ठेवला असता. टूर माळ्यावर ठेवता येत नाही. तिला सकाळी दहा वाजता बूट घालून हजर राहावं लागतं. बुकिंगच्या कागदावर लिहिलं होतं: 'तीन तास. फक्त तुम्ही आणि तुमचा गाइड. चालण्याची पातळी: सोपी.' लिस्बन सात टेकड्यांवर वसलेलं आहे, असं तिथले लोक स्वतःहून आणि अभिमानाने सांगतात. सात टेकड्यांचं 'सोपी'त वर्गीकरण करणारा सक्षम अधिकारी कोण, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही.

गाइड तिशीतला, हसतमुख, इतिहासात पदव्युत्तर शिक्षण झालेला. मनुष्य वाईट नव्हता, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करतो. वाईट असता तर सगळं सोपं गेलं असतं. काखेत एक फाइल, फाइलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरांत घातलेली जुनी चित्रं आणि नकाशे. आणि तो उलटा चालायचा. उतारावर, चढावर, ट्रामच्या रुळांवरून, पाठ रस्त्याकडे आणि तोंड आमच्याकडे करून, एकदाही न अडखळता. त्यामुळे चालतानाही त्याची नजर आमच्यावरच. आता 'आमच्यावर' म्हणजे काय ते पाहा. आमच्या हिने गडद काळा गॉगल लावला होता. तिचे डोळे कुठे आहेत हे आजवर कोणाला कळलेलं नाही. माझा चष्मा नंबरचा, पारदर्शक. परिणामी दोन श्रोत्यांत विभागून जायला हवी होती ती सगळी नजर एकट्या माझ्याच खात्यावर जमा होत होती. दर वाक्याला मान डोलवावी लागे. सनावळी आली की जरा खोल डोलवावी लागे.

आणि मग तो प्रश्न. प्रत्येक थांब्यावर, माहिती संपली की तो फाइल बंद करायचा, भुवया वर करायचा आणि म्हणायचा, "काही प्रश्न?" पन्नास माणसांत हा प्रश्न निरुपद्रवी असतो. कोणीतरी निवृत्त गृहस्थ पुढे होतात, दोन वर्षांच्या फरकावरून वाद घालतात, बाकीचे पाणी पितात. दोघांत तसं होत नाही. शांतता पडते आणि ती शांतता तुमच्या नावावर पडते. प्रश्न नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. प्रश्न विचारला की नवीन माहिती सुरू होते. यातून सुटायचा तिसरा मार्ग पर्यटनशास्त्राने अद्याप शोधलेला नाही.

सुरुवात शियादु भागात झाली. पहिला कवी कामोंइश, चौकात उंच चौथऱ्यावर. १५७२ साली त्याचं महाकाव्य छापलं गेलं, हा आमच्या गोव्यात राहून गेलेला, वगैरे. तिथून थोडं पुढे १७३२ सालापासून चालत आलेलं पुस्तकांचं दुकान. आत जावं म्हटलं तर वेळ नाही, म्हणून त्याची माहिती बाहेर उभं राहून. पुढे एका जुन्या कॅफेच्या दारात दुसरा कवी, फर्नांदु पेसोआ, ब्राँझचा, टेबलापाशी पायावर पाय टाकून बसलेला. १९८८ साली, म्हणजे त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा तो तिथे बसवला. त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. मला बरं वाटलं. जवळ गेलो. खुर्चीही ब्राँझची निघाली, सकाळपासूनच्या उन्हात चांगली तापलेली, आणि तिच्यावर बसून फोटो काढायला रांग लागलेली. संपूर्ण टूरमध्ये बसण्यासाठी अधिकृतरीत्या उपलब्ध असलेलं हे एकमेव आसन. एका कवीला कायमची बैठक आणि पैसे भरलेल्या माणसाला तीन तास उभं, याची मी मनातल्या मनात नोंद केली.

मग कार्मु. हा १३८९ साली स्थापन झालेला मठ. आता त्याच्या चर्चला छप्पर नाही. कमानी आहेत, खांब आहेत, वर थेट आभाळ. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, लोक सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. मग नदीतून समुद्र आत शिरला आणि मग कित्येक दिवस शहर जळत राहिलं. छप्पर तेव्हा गेलं ते परत घातलंच नाही. दुःखद आहे, यात शंका नाही. पण ते सगळं ऐकताना आमच्या डोक्यावरही छप्पर नसण्याचं कारण नव्हतं. समोरच्या चौकात जॅकरांडाची झाडं, झाडांखाली सावली, सावलीत बाकं. गाइड बाकांकडे पाठ करून उन्हात उभा राहिला आणि त्याने हुकूमशाही सुरू केली. १९२६ पासून. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकातल्या बराकीत पंतप्रधान कायतानु अडकून बसला, बाहेर सैनिक आणि जनता, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं, संध्याकाळपर्यंत शरणागती. सांगताना त्याचे डोळे ओलावले. डोळे ओलावलेल्या माणसाला "आपण त्या बाकावर बसून बोलू या का?" असं विचारता येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही मी उभ्याने सोसली.

नेमक्या त्याच वेळी तिथे दुसरी एक टूर आली. वीस-पंचवीस माणसं, पुढे पिवळी छत्री उंच धरलेली एक बाई. या टूरला म्हणे पैसे पडत नाहीत, शेवटी आपखुशीने द्यायचे. तिच्या शेपटाला एक गृहस्थ होते. माझ्याच वयाचे, माझ्याच पोटाचे. छत्रीवाली बाई क्रांतीबद्दल बोलत होती. गृहस्थ बाकावर बसून आइस्क्रीम खात होते. आइस्क्रीम एका बाजूने वितळायला लागलं की ते कोन अगदी काळजीपूर्वक फिरवून घेत, जीभ लावत, मग पुन्हा फिरवत. क्रांती झाली, शरणागती झाली, त्यांना कोणी काही विचारलं नाही. आमची नजरानजर झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यापुढे उभ्या गाइडकडे पाहिलं, आणि सगळं समजून मान हलवली. तिकडे आमचा म्हणत होता, "काही प्रश्न?" ही म्हणाली, "अहो, विचारा ना, तो तुमच्यासाठीच थांबलाय."

तिथून उतरून रोसियू चौक. आता जमिनीकडे वळू, कारण मी वळलोच होतो. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या दगडांच्या लहान लहान तुकड्यांची नक्षी. या प्रकाराची सुरुवात १८४२ साली वरच्या किल्ल्यावर कैद्यांच्या हातून झाली. पुढे काही वर्षांतच रोसियूवर समुद्राच्या लाटांची नक्षी आली. म्हणजे सपाट जमीन घेतली आणि ती लाटांसारखी दिसेल अशी सोय केली. आधीच चक्कर येण्याच्या वयाच्या माणसाला सपाट जमिनीवर समुद्र लागतो. दगड चुनखडीचे, लाखो तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. कोरड्या दिवशी माणूस घसरतो. ओल्या दिवशी काय होत असेल ते लिस्बनच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारावं लागेल.

एका कोपऱ्यावर दुरुस्ती चालली होती. कारागीर अगदी बुटक्या स्टुलावर बसलेला, समोर दगडांचा ढीग. डाव्या तळहातावर दगड धरायचा, उजव्या हातातल्या हातोडीने दोन-तीन ठोके, एक टवका उडतो, दगड उलटा करून आणखी एक ठोका, मग तो जमिनीतल्या खाचेत ठेवून वरून थापायचा. मोजणी नाही, पट्टी नाही. प्रत्येक दगड नेमका बसतो. मी ते पाहत राहिलो असतो. सकाळपासून मला स्वतःहून पाहावीशी वाटलेली ती पहिलीच गोष्ट, आणि तो माणूस काही बोलत नव्हता हा त्यातला मुख्य भाग. पण गाइडने फाइल उघडली. हे कारागीर कमी होत चालले म्हणून लिस्बनच्या महापालिकेने १९८६ साली त्यांची शाळा काढली. स्वतः घसरवणाऱ्या फुटपाथची परंपरा टिकावी म्हणून महापालिका प्रशिक्षण देते. आपल्याकडे ही कामगिरी कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय पार पडते, पण मी बोललो नाही. बोललो असतो तर त्याने ते लिहून घेतलं असतं.

यानंतरच्या भागात टूरने परीक्षेचं रूप घेतलं. भूकंपानंतर पोम्बालच्या मार्कीसने शहराचा मधला भाग, बायशा, नव्याने आखून घेतला. सरळ रस्ते, काटकोनी चौक, आणि प्रत्येक गल्ली एकेका धंद्याला नेमून दिलेली. सोन्याची गल्ली, चांदीची गल्ली, चांभारांची, कापडवाल्यांची, खोगीरवाल्यांची. इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरे घातले, म्हणजे धक्का बसला तर पिंजरा लवचीकपणे हलेल आणि घर उभं राहील. आणि तो पिंजरा टिकतो का हे तपासायला त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, असं सांगतात. हे सांगून झाल्यावर त्याने आम्हाला एका गल्लीच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाला, "आता सांगा, इथे काय विकत असतील?" कुठलीही पूर्वसूचना नाही, अभ्यासक्रम नाही. बुकिंगच्या कागदावर तोंडी परीक्षेचा उल्लेख नाही. मी पाटी वाचायचा प्रयत्न करत होतो तोवर ही म्हणाली, "चपला." गाइडने टाळ्या वाजवल्या. "उत्कृष्ट!" पुढे तिने भूकंप रविवारी झाला होता का, असं विचारलं. "फार छान प्रश्न!" नाही, तो शनिवार होता. दोघांच्या वर्गात पहिला नंबर एकाचा आला की दुसरा आपोआप शेवटचा येतो. गर्दीत ही नामुष्की पंचवीस जणांत वाटली गेली असती. त्या सैनिकांबद्दल मात्र मला मनापासून वाटलं. दुसऱ्याच्या इमारतीसाठी दगडी जमिनीवर उगाच पाय आपटत फिरणं काय असतं, ते माझे गुडघे जाणून आहेत.

बायशाच्या टोकाला कमान आणि कमानीपलीकडे नदीकाठचं मोठं पटांगण, तेरेइरु दु पासु. इथे गाइडने हात पसरून सांगितलं, "तुमच्या समोर राजवाडा आहे." समोर काहीही नव्हतं. राजवाडा १७५५ ला गेला. त्याच्या शेजारी ऑपेरा हाउस. ते १७५५ सालीच उघडलं होतं आणि त्याच वर्षी गेलं. मी हिशेब केला: छप्पर नसलेलं चर्च, राजवाडा नसलेलं पटांगण, उघडलं त्याच वर्षी पडलेलं नाट्यगृह. मालाची पोचपावती आमच्या सहीनिशी घेतलेली आणि माल जागेवर नाही, याला आपल्याकडे लेखापरीक्षणात वेगळा शब्द आहे. पटांगणाच्या मधोमध घोड्यावर बसलेला राजा जुझे. भूकंपानंतर या राजाने दगडी इमारतीत राहायला साफ नकार दिला. वर आजुडाच्या टेकडीवर लाकडाचे आणि कापडाचे महाल बांधून तो तिथेच राहिला. संपूर्ण पोर्तुगीज इतिहासात मला पटलेला हा एकमेव माणूस. शहर पाहायला त्याला कोणी बाहेर काढू शकलं नाही.

इथेच गाइडने सांगितलं की पुढचा भाग "तुमच्यासाठी खास" आहे. खासगी टूरमधला सगळ्यात धोकादायक शब्दप्रयोग हाच. आम्ही महाराष्ट्रातले म्हणून त्याने मार्ग बदलला होता. बटाटा आणि पाव यांची यादी झालीच. ती इथे देत नाही, ती तुम्हालाही कोणीतरी ऐकवलेली आहे. मग फाइलमधून त्याने ड्यूरर या चित्रकाराचं एक चित्र काढलं. गेंडा. गुजरातच्या सुलतानाने तो आफोन्सु द आल्बुकेर्कला दिला, त्याने गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलला पाठवला आणि २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. या पटांगणापाशी, राजवाड्याच्या आवारात, राजाने त्याच्यासमोर एक हत्ती उभा केला. हत्ती पळून गेला. ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नाही, कोणाचं तरी वर्णन आणि रेखाटन यांवरून चित्र काढलं, आणि पुढे कैक वर्षं युरोपात तेच खरं मानलं गेलं. राजाने मग गेंडा हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून पोपला भेट म्हणून पुढे धाडला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. तो साखळदंडाने बांधलेला होता, पोहता आलं नाही.

मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत होतो. दुसऱ्याच्या खर्चाने, स्वतःची संमती न विचारता, पश्चिम भारतातून लिस्बनला आणलेला, दगडी अंगणात उभा केलेला, भेट म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे सुपूर्द झालेला जीव. बेलेंच्या मनोऱ्यावर म्हणे त्याचं दगडी डोकं कोरलेलं आहे. एवढंच त्याला मिळालं. "काही प्रश्न?" गाइडने विचारलं. त्याला कोणी विचारलं होतं का, हा माझा प्रश्न होता. तो मी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर फाइलमध्ये असण्याची भीती वाटली.

इथे अल्पोपाहार झाला. तो शुल्कात समाविष्ट होता, म्हणजे टाळता येत नव्हता. पास्तेल द नाता, एकेक. वरून काळपट डाग पडलेली, पिवळी, गरम, पापुद्र्याच्या वाटीतली. बाजूला दालचिनीच्या पुडीची डबी. मी उचलली आणि तो म्हणाला, "थांबा." मठातल्या नन कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरत, पिवळा उरायचा, म्हणून गोड पदार्थ सुरू झाले, असं सांगतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले, १८३७ पासून बेलेंमध्ये तो पदार्थ दुकानात विकायला लागले. तोवर माझ्या हातातल्या वाटीचा वरचा थर आकसून खाली बसला होता. खाल्ल्यावर तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. "छान आहे" म्हटलं. पुरलं नाही. डोळे मिटून "आहाहा" म्हणावं लागलं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या बायकोच्या हातच्या पुरणपोळीलाही मी इतका खुलासा कधी दिलेला नाही, आणि हे तिनेच तिथे मोठ्याने बोलून दाखवलं.

आणि मग काझा दुश बिकुश. हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी भरलेली दर्शनी भिंत असलेलं घर, १५२३ सालचं. आता तिथे नोबेलविजेत्या सारामागुचं प्रतिष्ठान आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी. पण गाइडचा रोख दुसरीकडे होता. हे घर बांधलं ब्राश द आल्बुकेर्कने, म्हणजे ज्या आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला त्याच्या मुलाने. गाइडने आवाज खाली आणला. "मला कल्पना आहे, हा तुमच्यासाठी नाजूक विषय असेल. एक पोर्तुगीज म्हणून मला वाईट वाटतं." आणि तो थांबला. चक्क थांबला. माझ्याकडे पाहत.

आता हे लक्षात घ्या. आम्ही पुण्याचे. गोव्याशी आमचा संबंध मे महिन्यापुरता आणि तोही हॉटेल मिळालं तर. गोव्याच्या वतीने दिलगिरी स्वीकारण्याचे अधिकार मला कोणी प्रदान केलेले नव्हते. असं प्रकरण आधी पणजीला जायला हवं, तिथून अभिप्रायासह दिल्लीला, दिल्लीहून शेरा मारून परत. चारशे एक्कावन्न वर्षांचा कारभार, फुटपाथवर उभं राहून, एका खासगी इसमाने माफ करायचा, ही कुठली पद्धत? वीस जणांच्या टूरमध्ये त्याने हे धाडस केलं नसतं. तिथे कोणीतरी कोकणी माणूस असता, कोणीतरी उलट प्रश्न विचारले असते, रीतसर वाद झाला असता. दोघांत तो सरळ मुद्द्याला हात घालू शकला. मी 'विचार करून कळवतो' अशा अर्थाचं काहीतरी जुळवत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, "इट्स ओके," आणि पर्समधून काढून त्याला लिमलेटची गोळी दिली. १५१० ते १९६१ हे प्रकरण अशा रीतीने निकाली निघालं. गोव्याच्या जनतेला याची कल्पना नाही. वेळ आल्यावर मी साक्ष देईन की माझी सही घेतलेली नव्हती.

उरला तो चढ. वाटेत से कॅथिड्रल आणि त्याच्या अलीकडे सेंट अँथनीचं चर्च. हा संत लिस्बनमध्ये जन्मला, पण जग त्याला पादुआचा म्हणून ओळखतं. लिस्बनकरांची ही तक्रार जवळजवळ आठशे वर्षं प्रलंबित आहे, त्यामुळे माझ्या तक्रारीचं काय होणार याचा अंदाज आला. चढावर आमच्या शेजारून सारख्या रिक्षा जात होत्या. होय, रिक्षा. लिस्बन आता टुकटुकने भरलेलं आहे, आणि त्यांतल्या काही तर पियाज्जोच्या, म्हणजे आपल्या बारामतीत कारखाना असलेल्या कंपनीच्या. घाम पुसत मी थांबलो की एक थांबायची, चालक आत बसण्याची खूण करायचा. जगाच्या त्या टोकाला, माझ्या गुडघ्यांची जाण असलेलं एकमेव वाहन, आपल्या ओळखीचं, समोर उभं. गाइड म्हणाला, "यांनी शहराची वाट लावली. शहर पायीच कळतं." रिक्षावाला स्वतःहून थांबतोय आणि आपण नाही म्हणतोय, हा प्रसंग पुण्याच्या माणसावर यावा, यापेक्षा जास्त मी काही लिहीत नाही.

वर आधी सांता लुझियाचा सज्जा. निळ्या नक्षीच्या फरशा, लाल कौलं, खाली नदी. तिथून मिनिटभरावर पोर्ताश दु सोलचा सज्जा. लाल कौलं, खाली नदी. नदी तीच होती, मी खात्री करून घेतली. दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे "वा" म्हणावं लागलं. शेवटी किल्ला. ११४७ साली राजा आफोन्सु हेन्रिकिशने तो मूर लोकांकडून घेतला. कथा अशी की मार्तिम मोनिझ नावाचा योद्धा मिटत चाललेल्या दरवाजात स्वतः आडवा घुसला आणि तिथेच चिरडला गेला, पण दार बंद होऊ शकलं नाही. त्याच्या नावाने खाली एक चौक आहे, मेट्रोचं स्टेशन आहे. दरवाजात अडकलेल्या माणसाची इतकी दखल घेणारं शहर, दरवाजाबाहेर तासभर उभ्या असलेल्या माणसाची काहीच घेत नाही. आणि या पुरातन तटबंदीचा बराचसा भाग १९३८ ते १९४० मध्ये नव्याने उभारलेला आहे, हे गाइडने सगळ्यात शेवटी, चढून झाल्यावर सांगितलं. माझ्या वडिलांच्या वयाचा किल्ला पाहायला मी बाराव्या शतकातून चालत आलो होतो.

तीन तास संपले होते. मी घड्याळाकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "तुम्ही इतके मन लावून ऐकताय, की मी अजून थोडं दाखवतो. याचे पैसे नाहीत." मन लावून ऐकण्याची शिक्षा वाढीव ऐकणं असते, हे शाळेतच कळायला हवं होतं. पैसे घेतले असते तर मी नकार दिला असता. मोफत गोष्टीला नकार देण्याची तरतूद मराठी माणसाच्या घडणीत नाही. नंतर टिप. नंतर मोबाइलवर अभिप्राय: टूर कशी वाटली, एक ते पाच तारे. तो शेजारी उभा राहून पाहत होता. मी पाच दिले. दडपणाखाली दिलेला जबाब ग्राह्य धरू नये, अशी विनंती या लेखाद्वारे करतो.

माझी मागणी मोठी नाही. खासगी टूर असावी, जरूर असावी. फक्त प्रत्येक टूरबरोबर कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर काही अनोळखी माणसं पुरवावीत. एक निवृत्त शिक्षक, ज्याला सनावळीत रस आहे आणि जो प्रत्येक थांब्यावर प्रश्न विचारील. एक बाई, जी सगळी उत्तरं देईल. एक दम लागणारे आजोबा, म्हणजे सगळ्यांना अधूनमधून बसायला मिळेल. एक लहान मूल, जे राजघराण्यांच्या वंशावळीला वेळेवर रडेल. एखादा असा माणूस, ज्याला इतर देशांच्या वतीने माफी स्वीकारण्याचे अधिकार असतील. संख्या वीस-पंचवीसपर्यंत गेली तरी माझी हरकत नाही. इतक्या माणसांत गाइड दिसावा म्हणून त्याने हातात एखादी छत्री उंच धरायला हवी, रंग पिवळा चालेल.

मुलीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, याला ग्रुप टूर म्हणतात. ती स्वस्त असते." तिचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. ग्रुप टूरमधली माणसं आपल्यासारखीच पैसे भरून आलेली असतात. त्यांच्यावर ऐकण्याची सक्ती करता येत नाही, आणि उद्या तीसुद्धा बाकावर बसून आइस्क्रीम खायला लागली तर प्रश्न पुन्हा माझ्यापर्यंत येतो. मला नेमलेली, पगारी, जबाबदार माणसं हवी आहेत, आणि त्याचं जादा शुल्क भरायची माझी तयारी आहे. निवड करताना शंका विचारण्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवारांना प्राधान्य द्यावं.